वारणाकाठचा नवा कारागीर

वारणानगरच्या परिसरातून संगणकशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणाला आजही एकच वाट दाखविली जाते. ती पुण्याला किंवा बंगळूरला जाते. आज तात्यासाहेब कोरे यांच्या नावाने ओळखले जाणारे अभियांत्रिकी महाविद्यालय येथे १९८३ साली निघाले आणि खेड्यातील मुलांना तंत्रशिक्षण घराजवळ मिळू लागले. शिक्षण घराजवळ आले, परंतु त्या शिक्षणाला साजेसे काम मात्र आले नाही. वास्तविक संगणकाच्या क्षेत्रात असा एक व्यवसाय उभा राहिला आहे, की ज्याला कारखान्याची जागा लागत नाही, मोठे भांडवल लागत नाही आणि गाव सोडण्याचीही आवश्यकता नाही. तो व्यवसाय म्हणजे वेबसाइटसाठी प्लगिन तयार करून विकण्याचा.

प्लगिन म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या मुलाला समजावून सांगणे कठीण नाही. ट्रॅक्टर एकच असतो. त्याच्यामागे कधी नांगर, कधी रोटाव्हेटर, तर कधी ट्रॉली जोडली जाते. जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइट वर्डप्रेस नावाच्या, २००३ साली सुरू झालेल्या आणि सर्वांना मोफत मिळणाऱ्या प्रणालीवर चालतात. ही प्रणाली म्हणजे ट्रॅक्टर होय. एखाद्या शाळेला प्रवेश-अर्ज भरून घ्यावयाचे असतात, एखाद्या दुकानाला पैसे स्वीकारावयाचे असतात. त्या त्या कामासाठी जोडावयाचे अवजार म्हणजे प्लगिन. ते अवजार वारणेच्या काठी घडविले काय किंवा लंडनमध्ये घडविले काय, ग्राहकाला त्याचे सोयरसुतक नसते.

परंतु या धंद्याचे अर्थशास्त्र वरून दिसते तितके सोपे नाही. वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारात प्लगिन ठेवावयाचे, तर ते मुक्त परवान्याखालीच द्यावे लागते. म्हणजे त्याची नक्कल करण्याचा अधिकार सर्वांनाच असतो. मग विकावयाचे काय? बहुतेक कारागीर साधी आवृत्ती मोफत देतात आणि अधिक सोयींच्या आवृत्तीसाठी वार्षिक वर्गणी घेतात. ग्राहक ही वर्गणी भरतो ती केवळ आज्ञावलीसाठी नव्हे. मूळ प्रणाली बदलली की प्लगिन सुधारून मिळेल, सुरक्षेत छिद्र सापडले तर ते तातडीने बुजविले जाईल आणि अडचण विचारली तर उत्तर येईल, या भरवशाची ती किंमत असते. घडविणे हे काही महिन्यांचे काम. सांभाळणे हे वर्षानुवर्षांचे. अमेरिकेतील ग्राहकाचा दिवस उजाडतो तेव्हा आपल्याकडे रात्र झालेली असते. एकटा माणूस प्रोग्रॅमर, तक्रार-कारकून, जाहिरातदार आणि हिशेबनीस अशा चारही भूमिका किती वर्षे निभावणार?

त्याहूनही गंभीर प्रश्न वेशीचा आहे. माल आपला, पण बाजाराची वेस दुसऱ्याच्या ताब्यात. पुण्याच्या ब्रेनस्टॉर्म फोर्स या कंपनीची ‘ॲस्ट्रा’ ही थीम, म्हणजे वेबसाइटचा तयार साज, दहा लाखांहून अधिक ठिकाणी वापरात असताना ऑगस्ट २०२० मध्ये नियमभंगाच्या कारणावरून अधिकृत भांडारातून निलंबित झाली. आक्षेप घेतलेला भाग काढल्यावर ती पुन्हा दाखल झाली, हे खरे. पण एवढ्या मोठ्या मालाचे दुकानही एका निर्णयाने बंद पडू शकते, हे त्यातून दिसले. मेलबर्नच्या एलियट कॉन्डन या एकट्या प्रोग्रॅमरने सुरू केलेले आणि पुढे विक्री होऊन डब्ल्यूपी इंजिन या कंपनीकडे गेलेले एक प्लगिन वीस लाखांहून अधिक वेबसाइटवर पोहोचले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्डप्रेसच्या चालकांनी भांडारातील त्याची जागाच ताब्यात घेऊन तेथे नाव बदललेली आवृत्ती ठेवली. कंपनीला ती जागा परत मिळाली, ती डिसेंबरमध्ये अमेरिकेतील न्यायालयाने आदेश दिल्यानंतर. धनाढ्य कंपनी न्यायालयात जाऊ शकते. वारणानगरच्या खोलीत बसलेल्या तरुणाने कोणाचा दरवाजा ठोठवावा?

हा प्रश्न या परिसराला नवा वाटू नये. माल आपला, पण वजनकाटा आणि दर दुसऱ्याच्या हाती, हीच एके काळी येथील शेतकऱ्याची स्थिती होती. त्यावर तात्यासाहेब कोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेले उत्तर कारखान्याच्या, दूध संघाच्या आणि वारणा बाजाराच्या रूपाने आज डोळ्यांसमोर उभे आहे. संगणकही या परिसराला परका नाही. १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ योजनेखाली सुमारे ७० गावे संगणकांनी जोडण्याचे काम येथे सुरू झाले; खर्चाचा निम्मा भार केंद्राने, ४० टक्के राज्याने आणि १० टक्के वारणा समूहाने उचलावा अशी योजना होती. गावकऱ्यांना त्या संगणकाचा उपयोग झाला तो प्रामुख्याने उसाच्या नोंदी आणि हिशेब पाहण्यासाठी. पुढच्या दशकात मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी सात गावांत तेच काम मोबाइलच्या साध्या संदेशांवर करून दाखविले. दोन्ही वेळा यंत्रणा बाहेरून आखली गेली आणि आपण तिचे वापरकर्ते राहिलो. आता निर्माते होण्याची पाळी आहे.

म्हणून असे सुचवावेसे वाटते की, प्लगिन घडविणाऱ्या तरुणांनी आपली सहकारी संस्था काढावी. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानुसार निरनिराळ्या कुटुंबांतील दहा व्यक्ती एकत्र आल्या की नोंदणीचा मार्ग खुला होतो. प्रत्येकाचे प्लगिन त्याच्याच नावावर राहावे; सामाईक असावा तो ग्राहकांच्या प्रश्नांना पाळीपाळीने उत्तरे देणारा कक्ष, सुरक्षेची तपासणी, परकीय चलनाचा आणि करांचा हिशेब आणि संस्थेचे स्वतःचे विक्रीकेंद्र. ग्राहकांची यादी आपल्या हाती असली, की भांडाराची वेस बंद झाली तरी धंदा बंद होत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, की आज्ञावली लिहिणे ही बुद्धीची कला आहे. दुधासारखी ती एका टाकीत ओतता येत नाही. हे मान्य आहे आणि म्हणूनच येथे निर्मिती नव्हे, तर सेवा सामाईक करावयाची आहे. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. सहकाराचे महाराष्ट्रात पुढे काय झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. संस्था सभासदांच्या राहिल्या नाहीत, घराण्यांच्या झाल्या. हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु दहा जणांच्या संस्थेत प्रत्येक सभासद हिशेब वाचू शकतो आणि ज्याचे कौशल्य त्याच्या स्वतःच्या हातात आहे, त्याला कोणी ओलीस ठेवू शकत नाही. औषध कडू निघाले म्हणून रोग नव्हताच, असे म्हणता येत नाही.

महाविद्यालयांनीही आपला वाटा उचलला पाहिजे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प नकलून देण्याची आणि गुण मिळताच तो कपाटात टाकण्याची रीत मोडली पाहिजे. परिसरातील शाळा, पतसंस्था, ग्रंथालये यांच्या गरजा घेऊन मराठीत चालणारे एकेक प्लगिन विद्यार्थ्यांनी करावे आणि वर्षभर सांभाळून दाखवावे. गुण त्या सांभाळण्यालाही असावेत. कारण या व्यवसायाची खरी परीक्षा तेथेच होते.

तात्यासाहेबांच्या पिढीने ऊस गावाबाहेर कवडीमोलाने जाऊ दिला नाही. आज या मातीतून बाहेर जाते ती बुद्धी. तिचे मोल येथेच करण्याची हिंमत आपण दाखविणार आहोत काय?