मेनूतला कोळीवाडा

शीवला आमच्या नाक्यावरच्या दुकानात परवा नवा बोर्ड लागला, 'आजपासून पनीर कोळीवाडा!' खाली बारीक अक्षरात, 'फूड फेस्टिव्हलमध्ये आमच्या स्टॉलला भेट द्या.' मी कॉन्व्हेंटवाला, मराठी बेताचंच. पण मलाही हसू आलं. कोळीवाड्यात पनीर कुठून आलं?

वर्गातल्या कोळी मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, "अरे, बेसनात घोळवून लालभडक तळलेली कोळंबी आमची आई कधीच करत नाही!"

मग ही कोणाची? १९४७च्या फाळणीनंतर पंजाबी निर्वासित शीव कोळीवाड्यात येऊन राहिले. हा प्रकार त्यांच्याच कढईतला, असं सांगतात. म्हणजे मासळी इथली, हात पंजाबी. मग पनीरवर राग कशाला? तेही पंजाबचंच! गंमत बघा, इथल्या हार्बर लाइनच्या 'कोळीवाडा' स्टेशनचं गुरू तेगबहादूर नगर झालं. नाव स्टेशनवरून गेलं, मेनूत मात्र राहिलं.

माझी तक्रार वेगळीच आहे. फेस्टिव्हलमध्ये 'कोळीवाडा' खपतो, पण कोळणीचा स्टॉल किती ठिकाणी दिसतो? वेसाव्याच्या कोळ्यांनी २००६ साली स्वतःचा सीफूड फेस्टिव्हल सुरू केला. तिथे कोळी बायका स्वतः रांधतात नि स्वतःच विकतात.

आपल्या कॉलेज फेस्टमध्येही स्टॉल असतातच. यंदा एक स्टॉल बिनभाड्याने मैत्रिणीच्या आईला देऊया का? नाव त्यांचं वापरतो, मग गल्लाही थोडा त्यांचा होऊ दे की!