भिंतीवरच्या डब्याचं रूप

अमेरिकेतल्या डिझाइन पेटंटमध्ये दावा एकाच वाक्याचा असतो: आकृत्यांत दाखवलेलं अमुक वस्तूचं शोभेचं रूप. या ‘अमुक’च्या जागी पेपर टॉवेल डिस्पेन्सर आला की पुष्कळांना तो कायद्याचा अतिरेक वाटतो. सार्वजनिक स्वच्छतागृहात बेसिनशेजारी ठोकलेला कागदाचा डबा. त्याला कसली शोभा, आणि त्या शोभेवर कसली मालकी? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. तो घेणाऱ्यांत चांगले इंजिनिअर आहेत, साधेपणाचे मनापासूनचे पुरस्कर्ते आहेत, मक्तेदारीची रास्त भीती असलेले लोकही आहेत. माझं मत मात्र त्यांच्या उलट आहे. या डब्याच्या रूपाला मिळणारं संरक्षण न्याय्य आहे, आणि त्याची हद्द अरुंद आहे म्हणूनच ते न्याय्य आहे.

पूर्वपक्षाचं पहिलं म्हणणं असं की उपयोगाच्या वस्तूचं रूप उपयोगच ठरवतो, रचनाकाराच्या हाती काही उरत नाही. यासाठी लुई सलिव्हनचा आधार घेतला जातो. रूप कार्यामागून येतं, हे सूत्र त्याने १८९६ साली उंच कार्यालयीन इमारतींवरच्या निबंधात मांडलं. पण त्याच सुमारास बफेलो शहरात उभी राहिलेली त्याची गॅरंटी बिल्डिंग पाहावी. भाजलेल्या मातीच्या नक्षीने ती जमिनीपासून माथ्यापर्यंत मढवलेली आहे. सूत्रकाराला स्वतःला कार्य आणि अलंकार यांत वैर दिसत नव्हतं. ते वैर पुढच्यांनी लावलं. अडॉल्फ लूसने तर अलंकाराला गुन्ह्याच्या पंक्तीत बसवलं. त्याचा एक मुद्दा मला आजही खरा वाटतो: निरर्थक नक्षीवर कारागिराचे श्रम वाया जातात. पण तो मुद्दा वरून चिकटवलेल्या वेलबुट्टीला लागू होतो. वस्तूच्या मूळ घडणीतच असलेल्या प्रमाणाला, वळणाला आणि कडेला तो लागू होत नाही.

आता प्रत्यक्ष डबाच घेऊ. उपयोग त्याच्याकडून काय मागतो? आत कागदाची चळत किंवा रोल मावला पाहिजे. ओल्या हाताने कागद ओढताना तो फाटता कामा नये. सफाई कर्मचाऱ्याला झाकण चटकन उघडता आलं पाहिजे आणि कागद संपत आल्याचं बाहेरून कळलं पाहिजे. अमेरिकेतल्या अपंगांसाठीच्या सुगम्यता मानकांची बंधनं वेगळीच. खटका असेल तर तो एका हाताने, मनगट न पिळता आणि पाच पौंडांहून जास्त जोर न लावता चालला पाहिजे. वावराच्या वाटेवर, जमिनीपासून २७ ते ८० इंचांच्या पट्ट्यात, भिंतीवरची वस्तू चार इंचांपेक्षा पुढे येता कामा नये, कारण पांढऱ्या काठीला ती लागत नाही आणि माणूस तिच्यावर आदळतो. इतकी बंधनं पाळूनही केवढं मोकळं रान उरतं! समोरचा पृष्ठभाग सपाट ठेवायचा की पोटासारखा फुगवायचा? कडा धारदार ठेवायच्या की गोलावायच्या? कागद दिसण्याची फट उभी, आडवी की सगळं झाकणच धुरकट पारदर्शक? माथ्याला उतार दिला तर त्यावर कुणी कप ठेवणार नाही, हे कार्य झालं. पण तो उतार सरळ उतरावा की खांद्यासारखा वळून खाली यावा, हे कार्य सांगत नाही. ते कुणीतरी बसून ठरवतं. पुण्याच्या केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको: सुपारी सगळेच कातरतात, म्हणून कुणी त्यांना एकाच घडणीचे म्हणणार नाही.

अमेरिकी न्यायालयांनीही हाच विचार धरला आहे. एकच काम अनेक रूपांनी साधत असेल, तर त्यातलं एक रूप कार्याने लादलेलं मानायचं नाही, असं १९९३ च्या एल. ए. गिअरच्या बूट-खटल्यात ठरलं. त्याआधी १९९० मध्ये कृत्रिम खुब्याच्या धातूच्या दांड्याचं प्रकरण आलं होतं. शस्त्रक्रियेनंतर तो दांडा शरीरात कायमचा झाकला जातो, म्हणून पेटंट कार्यालयाने त्याचं रूप नाकारलं. अपील न्यायालयाने ते नाकारणं रद्द केलं, कारण विकताना आणि निवडताना डॉक्टर तो डोळ्यांनी पाहतात. हाडात गाडल्या जाणाऱ्या दांड्याच्या रूपाला स्थान मिळतं, तर रोज हजारो लोकांसमोर उभ्या असणाऱ्या डब्याला का मिळू नये? स्वच्छतागृहातली वस्तू म्हणून तिचं रूप हलकं मानणं मला पटत नाही. ज्या जागा सगळ्यांच्या आहेत, तिथेच कुणीतरी काळजीने घडवलेल्या वस्तू असायला हव्यात.

दुसरा आक्षेप मक्तेदारीचा. एका कंपनीने डब्याचं पेटंट घेतलं की बाकीच्यांनी काय करायचं? डबे करायचे, दुसऱ्या रूपाचे. डिझाइन पेटंटमध्ये संरक्षण मिळतं ते आकृतीतल्या अखंड रेषांना. तुटक रेषांनी दाखवलेला भाग दाव्याबाहेर राहतो. आतली कागद सोडण्याची यंत्रणा, सेन्सर, कुलूप यांना या पेटंटाचा स्पर्शही होत नाही. १३ मे २०१५ पासून दाखल झालेल्या अर्जांना मुदत मिळते मंजुरीपासून १५ वर्षांची, आणि मग ते रूप सगळ्यांचं होतं. नक्कल झाली की नाही याची कसोटी १८७२ च्या गोऱ्हम विरुद्ध व्हाइट खटल्यापासून चालत आली आहे. चमचे-काट्यांच्या मुठींचा तो वाद होता. सामान्य ग्राहकाची नजर फसून तो एकाऐवजी दुसरं घेईल का, एवढंच पाहायचं. या कसोटीत जो डबा नापास होतो, त्याच्या कर्त्याने दुसऱ्याची मेहनत उचललेली असते.

एका ठिकाणी मात्र मी विरोधकांच्या बाजूला उभा आहे. डबा विकणाऱ्याची पुढची कमाई कागदात असते. म्हणून आतला दांडा किंवा रोलची टोपी अशा खास आकाराची करायची की दुसऱ्याचा रोल बसूच नये, आणि त्या आकाराला शोभा म्हणवून घ्यायचं, हा मोह उघड आहे. तो मोडूनच काढला पाहिजे. १९९६ च्या बेस्ट लॉक खटल्यात न्यायालयाने किल्लीच्या पात्याचं डिझाइन पेटंट अवैध ठरवलं, कारण त्या कुलपात दुसऱ्या आकाराचं पातं शिरूच शकत नव्हतं. रोलच्या टोपीला हाच न्याय लागला पाहिजे. खाच जिथे चावीचं काम करते, तिथे शोभेचा दावा संपतो.

आपल्याकडचा २००० चा डिझाइन कायदाही हीच रेघ ओढतो. रूप डोळ्यांनी जोखलं जावं, आणि जे मूलतः केवळ यांत्रिक साधन आहे ते नोंदणीबाहेर राहावं, असं त्याच्या व्याख्येतच आहे. मुदत दहा वर्षांची, पुढे पाच वर्षांनी वाढवता येणारी. भारतीय कारखानदाराने ही नोंदणी मोठ्या ब्रँडांचं खूळ समजून सोडून देऊ नये. पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा डबा साच्यातून काढणाऱ्या लहान उद्योगालाच नकलेचा फटका आधी बसतो.

उरला भरपाईचा प्रश्न, आणि तिथे अमेरिकेला वाट सापडायला फार वेळ लागला. १८८५ च्या गालिच्यांच्या खटल्यात नक्कल सिद्ध होऊनही हाती सहा सेंट आले, कारण नफ्यातला किती भाग नक्षीमुळे, हे सांगता येईना. त्यावर १८८७ मध्ये काँग्रेसने कायदा करून नक्कल करणाऱ्याचा सगळा नफा मालकाला देऊ केला. गालिच्याला ते शोभलं, अनेक भागांच्या यंत्राला नाही. अखेर २०१६ मध्ये सॅमसंग विरुद्ध ॲपल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्या वस्तूचा नफा मोजायचा ती विकलेली अख्खी वस्तू असेलच असं नाही, तिचा एखादा घटकही असू शकतो. सेन्सरच्या डिस्पेन्सरचं नुसतं बाहेरचं झाकण कुणी उचललं असेल, तर झाकणाचा नफा द्यावा. मोटार आणि बॅटरीच्या कप्प्याचा नफा त्याच्याकडे राहू द्यावा.