वस्तू मेली की तिची भाषा गेली?

मोडलेली वस्तू टाकून देणं मी समजू शकते. पण नव्या यंत्राला भाषा येत नाही म्हणून धडधाकट वस्तू भंगारात घालणं मला पटत नाही. आपल्या घराघरांतल्या माळ्यांवर अशा कितीतरी वस्तू पडून आहेत. आज त्यातल्या एकीबद्दल लिहिते आहे. जॉयस्टिकबद्दल.

आमच्या भाऊजींनी (ताईचे यजमान) नव्वदच्या दशकाच्या शेवटी मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून एक जॉयस्टिक आणली होती. मुलांसाठी म्हणून आणली, पण खरे वैमानिक भाऊजीच! आता त्यांचं वय एक्याऐंशी, गुडघ्यांमुळे जिना उतरणं बंद. संध्याकाळी तासभर संगणकावर विमान उडवणं हा त्यांचा मोठा विरंगुळा. जुना संगणक कायमचा बंद पडला, नवा आला आणि विमान जमिनीवर आलं. कारण त्या जॉयस्टिकचा पंधरा पिनांचा प्लग लावायला नव्या संगणकाला जागाच नाही. मुलाने बारा बटणांची नवी आणून दिली. ती भाऊजींच्या हाताला काही बसली नाही. ‘तुम्हीच उडवा’ म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडून बसले.

आता ही जुनी जॉयस्टिक काम कशी करते ते पाहा. दांडीच्या खाली दोन पोटेन्शिओमीटर असतात, म्हणजे जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करायच्या बटणात असतं तेच. एक डाव्या-उजव्या हालचालीसाठी, दुसरं पुढच्या-मागच्या. दांडी हलली की विजेला होणारा अडथळा शून्यापासून साधारण १०० किलोओहमपर्यंत बदलतो. संगणकाच्या कार्डावर एक छोटा कपॅसिटर असे. तो भरायला किती वेळ लागतो हे संगणक मोजायचा आणि त्यावरून दांडी कुठे आहे ते ठरवायचा. सगळा खेळ जेमतेम एका मिलिसेकंदाचा! जॉयस्टिक स्वतः काही बोलत नाही. तिची नाडी संगणकानेच बघायची.

ही पद्धत १९८१ सालच्या आयबीएम पीसीबरोबर आली. पुढे हे पोर्ट साउंड कार्डांवर आलं. १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती निघाली. त्यात उलटा रिवाज. प्लग लावला की वस्तूनेच ओळख करून द्यायची, ‘मी जॉयस्टिक, मला इतके अक्ष, इतकी बटणं.’ ही व्यवस्था चांगलीच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टापासून विंडोजने जुन्या पोर्टचा आधार काढून टाकला आणि मदरबोर्डांवरून ते पोर्टही नाहीसं झालं. जॉयस्टिकमध्ये मात्र कणभरही बदल झालेला नव्हता.

मराठीची शिक्षिका असल्यामुळे मला इथे मोडी लिपी आठवते. शाळांतून मोडी गेली म्हणून मोडीतली खरेदीखतं खोटी ठरली नाहीत. वाचणारे तेवढे कमी झाले. आजही जमिनीच्या कामासाठी लोक मोडी वाचकाकडे जातात, तो बाळबोधीत उतरवून देतो आणि काम पुढे सरकतं. या जॉयस्टिकला असाच एक लिप्यंतरकार हवा होता.

तो माझ्या भाच्याने तयार केला. पंधरा पिनांचं यूएसबी करणारे तयार जोडही मिळतात, पण त्याच्याकडे कॉलेजच्या प्रकल्पातली आर्डुइनो लिओनार्डो पडून होती. ही छोटी पाटी संगणकाला ‘मी यूएसबी जॉयस्टिक आहे’ असं सांगू शकते. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून त्याने १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर आणि पंधरा पिनांचा एक सॉकेट आणला. पंधरापैकी सहाच तारा लागल्या. पाच व्होल्टची एक, जमिनीची एक, दोन अक्षांच्या दोन, दोन बटणांच्या दोन. पाटी व्होल्टेज मोजते, त्याचा ० ते १०२३ मधला आकडा करते आणि संगणकाला कळवते. पोटेन्शिओमीटरमध्ये धूळ असल्याने पडद्यावरची खूण थरथरत होती, ती कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारल्यावर थांबली. मग कॅलिब्रेशन. स्प्रिंग म्हातारी झाली, की सोडलेली दांडी बरोबर मध्यावर येत नाही. संगणकाला सांगावं लागतं की बाबा, हिचा मध्य आता इथे आहे. (हे आम्हा सत्तरीपलीकडच्यांबद्दलही कुणीतरी सांगायला हवं!)

हे सगळं का जमलं? भाचा हुशार आहे म्हणून, पण तेवढंच नव्हे. आयबीएमने या कार्डाची आकृती आपल्या तांत्रिक पुस्तिकेत छापली होती. कोणती पिन कशासाठी, हे चाळीस वर्षांनंतरही कोणालाही कळू शकतं. याउलट नव्वदच्या दशकातच काही ‘डिजिटल’ जॉयस्टिका निघाल्या. दिसायला प्लग तोच, पण आतली बोली त्या त्या कंपनीची खासगी. त्या जास्त महाग, जास्त अचूक. काहींची बोली हौशी मंडळींनी तर्काने, चाचपडत उलगडली. साध्या जॉयस्टिकसाठी त्यांना हा खटाटोप करावाच लागला नाही. म्हणजे स्वस्त आणि साधी वस्तू जास्त टिकली, कारण तिची भाषा उघड होती.

कोणी म्हणेल, मावशी, नवी काही हजारांत मिळते, एवढा वेळ कशाला? काही वेळा हे बरोबर असतं. सगळंच जुनं सांभाळायचं म्हटलं तर घराचं गोदाम होईल. जुनं जपायचा हट्ट मीही धरत नाही. कंपन्यांनी जुना माल जन्मभर पोसावा असंही माझं म्हणणं नाही. माल बनवणं थांबवा, आधार थांबवा, खुशाल. पण दुकान बंद करताना शब्दकोश बरोबर नेऊ नका. कोणती तार कशाची, कोणता संकेत कशाचा, एवढी चार पानं सर्वांसाठी खुली करून जा. त्याने कोणाचं नुकसान होत नाही.

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही सुरू केलं. चांगली सुरुवात आहे. पण हा हक्क केवळ सुट्या भागांपुरता राहू नये. भाग कोणी ना कोणी बनवेल, माहिती मात्र ज्याच्याकडे आहे त्यानेच द्यायला हवी.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. दिवाळीची साफसफाई करताना एखादी जुनी वस्तू हाती आली, तर ‘चालत नाही’ म्हणण्याआधी दोन प्रश्न विचारा. ही मोडली आहे का? की हिचं बोलणं समजणारं कोणी उरलं नाही? दुसरं असेल तर घरातल्या एखाद्या भाच्याला, पुतणीला हाक मारा. भाऊजी सध्या रोज संध्याकाळी सहा ते सात फ्लाइटगिअरवर असतात. त्या वेळात त्यांना फोन करू नये, ही नातेवाइकांना विनंती.