धरलं म्हणजे मोडलं नव्हे

पुणे-सातारा महामार्गावरच्या वरवे बुद्रुकहून कापूरहोळ, भोर करत वरंध घाट उतरला, की महाडला सावित्रीचा काठ लागतो. घाटाच्या अलीकडे भाताचा मुलूख. पावसाआधी पालापाचोळा, शेण पसरून राब भाजायची इथली जुनी रीत. पलीकडे महाडची रासायनिक औद्योगिक वसाहत आणि प्रदूषण सोसणारी सावित्रीची खाडी. अलीकडच्या भाताच्या तुसाचा बायोचार, म्हणजे कमी हवेत भाजलेला कोळसा, करावा, तो पलीकडच्या गाळात मिसळावा आणि सूक्ष्मजीवांकडून प्रदूषकं मोडून घ्यावीत, ही कल्पना आम्हाला मनापासून पटते. पटते म्हणूनच ती घाईत वाया जाऊ नये असं वाटतं.

खाडीच्या चिखलात ऑक्सिजन वरच्या काही मिलिमीटरांतच संपतो. खाली सत्ता सल्फेटवर श्वसन करणाऱ्या जीवाणूंची. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं, त्यामुळे त्यांना कशाची ददात नाही. चिखल उकरल्यावर येणारा कुजक्या अंड्यांचा वास ही त्यांचीच खूण. तेलातली बहुचक्रीय हायड्रोकार्बनं तेही मोडतात, पण फार सावकाश. तेलगळतीचंच उदाहरण घ्या: ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली, शेकडो टन तेल सांडलं आणि कांदळवनांत शिरलं. पाण्यावरचं तेल ऊन, लाटा आणि ऑक्सिजनवर जगणारे जीवाणू कमी करतात. गाळात गाडलं गेलेलं तेल वर्षानुवर्षं टिकू शकतं.

बायोचार कामाला येतो तो इथे. त्याच्या छिद्रांत जीवाणू बिऱ्हाड करतात. चार-पाचशे अंशांवर भाजलेल्या कोळशातले क्विनोन गट इलेक्ट्रॉन घेतात आणि देतात. सातशेच्या आसपास कार्बनचे थर स्वतःच वीज वाहून नेऊ लागतात. श्वसन करताना जीवाणूंना इलेक्ट्रॉन कुठेतरी सोडावे लागतात; ती वाट अशी सोपी होऊ शकते. मात्र तोच कोळसा प्रदूषक इतकं घट्ट धरून ठेवतो, की जीवाणूंनाही ते मिळत नाही. द्रावकाने काढून मोजलं तर आकडा घटलेला दिसतो आणि अहवालात ‘विघटन’ असा शब्द पडतो. प्रदूषक असतं तिथेच. ही चूक आमच्याकडे येणाऱ्या लेखांत वारंवार दिसते.

म्हणून निर्जंतुक केलेल्या गाळात तोच बायोचार घालून केलेली तुलना हवीच. विघटनातून तयार होणारे मधले पदार्थही मोजायला हवेत. बायोचार किती तापमानावर केला ते लिहा. धूर परत कोळशावर बसला, तर त्यातली बहुचक्रीय हायड्रोकार्बनं आपणच खाडीत नेऊन टाकू. तुसाच्या कोळशात सिलिकायुक्त राख भरपूर, त्यामुळे वजनाच्या मानाने कार्बन कमी भरतो. उघड्यावर भाजलेल्या राबाची राख तर बायोचार म्हणून चालणारच नाही. हलका कोळसा भरतीबरोबर वाहूनही जातो; आणि तो मिसळायला गाळ फार ढवळला, तर सल्फाइडला बांधलेले धातू पाण्यात सुटतात.

प्रयोगशाळेतल्या बाटलीत साधलं म्हणून कांदळवनात पोती रिकामी करू नयेत. आधी भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, रीतसर परवानगी घेऊन, लहान वाफ्यांवर निदान दोन पावसाळे चाचणी व्हावी. वाचकांपैकी कोणी अशी चाचणी केली असेल, तर फसलेल्या वाफ्यांच्या नोंदींसह आमच्याकडे पाठवा. आम्ही त्या छापू.