सीईटीचं गणित फक्त इंग्रजीत, मग आपल्या मुलांनी कॅल्क्युलस शिकायचं कुठून?

एमएचटी-सीईटीच्या माहितीपुस्तिकेत एक ओळ असते. आपल्या समाजात तिच्यावर कधी चर्चा झालेली ऐकली नाही. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचा पेपर विद्यार्थी इंग्रजी, मराठी किंवा उर्दूत घेऊ शकतो. गणिताचा पेपर मात्र फक्त इंग्रजीत. आणि इंजिनीअरिंगच्या २०० गुणांपैकी १०० गुण या एकट्या गणिताचे आहेत. प्रश्न ५०, वेळ ९० मिनिटं.

जुन्नर-आंबेगावसाठी याचा अर्थ काय, ते पाहू. अवसरी खुर्दला, आपल्या आंबेगाव तालुक्यातच, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. मंचर, घोडेगाव, नारायणगावची मुलगी घरून जाऊन-येऊन तिथे शिकू शकते. "पुण्याला होस्टेलवर पाठवायचं नाही" म्हणणाऱ्या वालिदांसाठी याहून सोयीचं काय असणार? पण तिथला प्रवेश मुख्यतः सीईटीवर होतो आणि सीईटीतलं गणित म्हणजे बऱ्याच अंशी कॅल्क्युलस. बारावीच्या गणित भाग २ मध्ये आठ प्रकरणं आहेत, त्यातली पहिली सहा याच विषयाची: डिफरन्सिएशन, त्याचे उपयोग, दोन प्रकारचं इंटिग्रेशन, त्याचे उपयोग आणि डिफरन्शियल इक्वेशन्स.

खरी अडचण सुरू होते अकरावीत. फंक्शन, लिमिट, कंटिन्युइटी आणि डिफरन्सिएशनची ओळख ही अकरावी भाग २ ची शेवटची चार प्रकरणं. २०२५ मध्ये अकरावीचे ऑनलाइन प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर, ग्रामीण भागासकट झाले आणि वर्ग सुरू व्हायला ऑगस्ट उजाडला. असं वर्ष आखूड झालं की कात्री शेवटच्या प्रकरणांवरच चालते. लिमिट न समजलेलं पोर मग बारावीत फॉर्म्युले पाठ करतं. त्यात दहावीपर्यंत उर्दू किंवा मराठीत शिकलेल्या मुलाला विज्ञान शाखेत सगळं एकदम इंग्रजीत. 'रेट ऑफ चेंज' हे तीन शब्द कळले नाहीत, तर पुढचं गणित येत असूनही हात चालत नाही.

मटेरियल नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. एनसीईआरटीचं अकरावी-बारावीचं गणित उर्दूत 'रियाज़ी' नावाने आहे, तेही संकेतस्थळावर मोफत. आपल्या कितीतरी घरांना हे ठाऊकच नाही. फंक्शनला तफाउल, डेरिव्हेटिव्हला मुश्तक म्हणतात, हे एकदा घरच्या भाषेत वाचलं की इंग्रजी पान परकं वाटत नाही. मी विद्यार्थ्यांना सांगतो, समजून घ्या उर्दूत किंवा मराठीत, सोडवा इंग्रजीत. वहीच्या डाव्या पानावर अर्थ आपल्या भाषेत, उजव्या पानावर गणित. एवढंच लक्षात ठेवा की एनसीईआरटी आणि स्टेट बोर्डाचा क्रम वेगळा आहे. अभ्यासाचं मुख्य पुस्तक बालभारतीचंच. आलेखांसाठी जिओजेब्रा हे मोफत ॲप साध्या मोबाइलवरही चालतं.

यूट्यूबबद्दल माझं मत जरा कडक आहे. 'दहा सेकंदात उत्तर' छाप व्हिडिओ परीक्षेच्या आधीच्या महिन्यात ठीक, अकरावीच्या पोराला ते बिघडवतात. त्यापेक्षा आपल्याकडच्या गोष्टी घ्या. डिंभे धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं, ही बातमी म्हणजे डेरिव्हेटिव्ह. तो विसर्ग दर तासाला बदलत असताना दिवसभरात एकूण किती पाणी गेलं, हे काढणं म्हणजे इंटिग्रेशन. खोडदच्या जीएमआरटीत ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. त्यांच्या वक्राचा उतार प्रत्येक बिंदूला बदलतो, म्हणूनच आकाशातून आलेल्या लहरी एका जागी गोळा होतात. विज्ञान दिनाला तिथे आपल्या शाळा जातात, फोटो काढून परत येतात. पोरांना हा उतार कुणीतरी दाखवायला हवा.

क्लासचा प्रश्न वेगळा. चांगले क्लास नारायणगाव, मंचर किंवा थेट पुण्यात. संध्याकाळी सहानंतर वाडी-वस्तीवर परतायचं म्हणजे एसटीची वाट आणि बिबट्याची भीती. मुलींचं शिक्षण इथेच अडतं. मशिदीच्या किंवा जमातच्या ट्रस्टकडे एखादी खोली, फळा आणि वायफाय असेल, तर फज्रनंतरचे दीड तास अकरावी-बारावीला देता येतील. इंजिनीअरिंगला गेलेली आपलीच मुलं रविवारी येऊन शिकवू शकतात. वर्षातून एकदा गुणगौरव करून ट्रॉफ्या वाटण्यापेक्षा हा खर्च कमीच होईल.

सरकारी योजनांतही आपण मागे राहतो. महाज्योती ही संस्था ओबीसी, व्हीजेएनटी आणि एसबीसी विद्यार्थ्यांना जेईई, नीट, सीईटीचं ऑनलाइन प्रशिक्षण देते, त्यासाठी टॅब आणि इंटरनेट डेटाही दिला आहे. तांबोळी, अत्तार, बागवान, मोमीन, पिंजारी ही आपलीच घरं ओबीसीत मोडतात. पण जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर हातात नसेल, तर जाहिरात येऊन निघून जाते. दाखल्याची कागदपत्रं दहावीच्या वर्षातच गोळा करायला घ्या. अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' ही संस्था राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजूर केली. तिच्याकडे पहिली मागणी अकरावीच्या गणिताच्या द्वैभाषिक साहित्याची व्हायला हवी.

उच्च गणित आपल्या भाषांना झेपत नाही, असं कुणी म्हणेल. बाळशास्त्री जांभेकरांनी एकोणिसाव्या शतकात कॅल्क्युलसवर मराठीत 'शून्यलब्धि' लिहिलं. हैदराबादच्या, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात सुरुवातीला उच्च शिक्षणच उर्दूतून होत असे, गणितासकट. आज जेईई मेन तेरा भाषांत होते, त्यात मराठी आणि उर्दू दोन्ही आहेत, आणि तिथे गणितही त्या भाषेत येतं. देशपातळीवरच्या परीक्षेत जे जमतं, ते राज्याच्या सीईटी सेलला का जमू नये? इंग्रजी प्रश्न तसाच ठेवा, खाली मराठी किंवा उर्दू द्या. हे निवेदन दोन्ही तालुक्यांतल्या शिक्षकांनी आणि पालकांनी सीईटी सेलकडे आणि आपल्या आमदारांकडे द्यायचं आहे, पुढच्या वर्षीची माहितीपुस्तिका निघण्याआधी.