ओवीच्या शेजारी होमर शिकवा

मावळाचं ग्रीकांशी नातं म्हटलं की कार्ल्याच्या चैत्यगृहातले खांब आठवतात. धेनुकाकटच्या यवन दात्यांची नावं तिथं ब्राह्मीत कोरलेली आहेत. मला त्याहून जवळचं नातं कान्हे फाट्यावरून आंदर मावळात शिरल्यावर दिसतं. ते जात्यावरच्या ओवीत आहे.

‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ रचली कशी गेली, यावर युरोपातले पंडित शतकभर भांडत होते. मिल्मन पॅरी या तरुण अभ्यासकानं १९२८ साली पॅरिसला सादर केलेल्या प्रबंधात होमरची ठरावीक विशेषणं छंदात कुठे कशी बसतात, हे बारकाईनं तपासलं. अशी भाषा एकट्या कवीची नसते, पिढ्यान्‌पिढ्यांनी घडवलेली असते, हे त्यातून पुढे आलं. मग हार्वर्डला शिकवत असताना, १९३३ ते १९३५ या काळात, तो युगोस्लाव्हियातल्या वीरकाव्यं गाणाऱ्यांकडे गेला. लिहितावाचता न येणाऱ्या अवदो मेजेदोविचनं त्याला बारा हजारांहून अधिक ओळींचं काव्य सांगितलं. ते घोकलेलं नव्हतं; ठेवणीतल्या ओळी आणि प्रसंग हाताशी धरून तो सांगता सांगता रचत होता. पॅरी १९३५ मध्येच, तेहतिसाव्या वर्षी गेला. त्याचा शिष्य आल्बर्ट लॉर्ड यानं १९६० साली हे काम ग्रंथरूपानं मांडलं.

दळणाऱ्या बाईची रीत याच जातीची. पहिली ओळ पुष्कळदा चालत आलेली. पुढे तिचा भाऊ, माहेर, पंढरी, सीतेचा वनवास. वीरकाव्याला श्रोते लागतात, ओवीला खुंट्यावरचा दुसरा हात पुरतो, एवढा फरक मात्र आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ग्रामीण भारताविषयीच्या ‘पारी’ या संकेतस्थळानं २०१७ पासून त्या लोकांसमोर आणल्या.

तरीही आपल्या वर्गात ग्रीक काव्य म्हणजे ॲरिस्टॉटलची व्याख्या आणि परीक्षेतली टीप. ओवी लोकसाहित्याच्या वेगळ्या पेपरात. दोन्ही एकमेकांशिवाय अर्धवट कळतात. दळण गिरणीत गेलं, जाती थांबली. ओव्या येणाऱ्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या आहेत.

वडगाव, तळेगाव, लोणावळ्याच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे: यंदा होमर शिकवाल, तेव्हा एका तासाला गावातल्या आजीला वर्गात बोलवा, मानानं बसवा आणि मुलांना तिच्या ओव्या लिहून घ्यायला लावा.