गिरणीतली पंगत आणि आपलं खातं



महागड्या रेस्टॉरंटात जेवायला जाणं हा आपल्या लोकांचा विजय की आपल्या लोकांचा विसर? तळोजा-खारघर-कळंबोली भागातल्या आपल्या तरुणांत हा वाद अधूनमधून पेटतो. एक गट म्हणतो, ज्यांच्या आजोबांना येसकरपाळीची शिळी भाकरी दारोदार मागावी लागली, त्यांच्या नातवाने सन्मानाने टेबलावर बसून जेवावं, यासाठीच तर बाबासाहेब लढले. दुसरा गट म्हणतो, एका ताटावर हजारो रुपये उडवणं ही भांडवली चैन आहे, चळवळीच्या माणसाने त्या दारात पाऊल ठेवू नये. दोन्हीकडचे तावातावाने बोलतात. आमचा आक्षेप दोघांवरही एकच आहे. दोघेही फक्त जेवणाऱ्याच्या खुर्चीकडे बघतात. त्या खुर्चीच्या मागे अख्खा कारखाना चालू असतो, त्यात आपण कुठे आहोत, हे कुणी विचारत नाही.

मुद्दा हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण घेऊ. मुंबईत महालक्ष्मीला शक्ती मिलच्या गल्लीत लक्ष्मी वूलन मिलचं जुनं आवार आहे. तिथे २०१६ साली ‘मास्क’ नावाचं रेस्टॉरंट सुरू झालं. सुरुवातीची काही वर्षं प्रतीक साधू हे काश्मिरी शेफ तिथलं स्वयंपाकघर सांभाळत होते. इथे मेनूकार्ड बघून हवं ते मागवायची पद्धत नाही. आधी बुकिंग करायचं आणि शेफने ठरवलेले छोटे छोटे पदार्थ एकामागून एक येतील तसे खायचे. त्या त्या हंगामात देशाच्या कोपऱ्याकोपऱ्यांतून जे मिळतं त्यावर हे जेवण बेतलेलं असतं. लडाखच्या काटेरी झुडपाची आंबट फळंसुद्धा तिथल्या ताटात आली आहेत. २०२३ मध्ये आशियातल्या सर्वोत्तम ५० रेस्टॉरंटच्या यादीत ते सोळाव्या क्रमांकावर होतं. माणशी खर्च काही हजारांत जातो.

या रेस्टॉरंटवर आमचा काही आरोप नाही. अशी ठिकाणं आता बरीच झाली आहेत, हे त्यांतलं सर्वांत गाजलेलं, म्हणून निवडलं. जुनी गिरणी, उंच छप्पर, हंगामी अन्न, मातीशी नातं, अशी त्या जेवणाची भाषा असते. ही भाषा ऐकली की आम्हाला दोन शब्द अडतात. एक ‘गिरणी’ आणि दुसरा ‘हंगाम’. दोन्ही शब्दांशी आपला संबंध आहे, आणि तो सजावटीचा नाही.

गिरणीचं दार उघडं होतं, खात्याचं नव्हतं

ही लोकरीची गिरणी. आम्ही जे सांगणार आहोत ते मुंबईच्या कापड गिरण्यांचं आहे, त्यामुळे याच भिंतींवर ते चिकटवू नये. पण ‘जुनी गिरणी’ म्हणून जो वारसा आज मिरवला जातो, त्यात हे पान यायलाच हवं.

कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगार हजारोंनी होते. कोकणातून, घाटावरून आलेली आपलीच माणसं. गेटवर त्यांना कुणी अडवलं नाही. अडवलं ते आत. साचेखातं, म्हणजे विणकामाचं खातं, त्यांना बंद होतं. कारण काय? साच्यावर धागा तुटला किंवा धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचं टोक तोंडाला लावून जोडावं लागे. अस्पृश्याच्या थुंकीने ओला झालेला धागा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार? मजुरी सर्वांत चांगली याच खात्यात होती. म्हणजे विटाळाच्या नावाखाली थेट पगारावर हात मारला गेला. आपल्या माणसाने सूत कातलेलं चालत होतं, गाठोडी वाहिलेली चालत होती. चांगल्या पगाराच्या साच्यापाशी मात्र धर्म आडवा आला.

१९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. अस्पृश्यांना साचेखात्यात काम करायचा हक्क तुमच्या मागण्यांमध्ये घाला, असं त्यांनी बजावलं. पुढाऱ्यांनी ते मनापासून केलं नाही, नाइलाजाने केलं. मालकांना तर आयतंच कोलीत मिळालं. हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही, असं म्हणून ते मोकळे झाले. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, त्यामागे हा अनुभव होता. वर्गाची लढाई लढणारेही खात्याच्या दाराशी जात पाळत होते.

यातून आपण काय शिकायचं? इमारतीत प्रवेश मिळाला म्हणजे समता आली, असं नाही. विचारायचं ते हे, की आतलं कोणतं खातं आपल्याला उघडं आहे?

आता हाच प्रश्न रेस्टॉरंटला लावून बघा. संविधानाच्या कलम १५ (२) ने दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलांत जातीच्या कारणाने अडवण्याला बंदी केली आहे. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने तो गुन्हा ठरवला. त्यामुळे जेवणाऱ्याच्या खुर्चीवर बसण्याचा आपला हक्क पक्का आहे. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याने खुशाल जावं, त्याला गद्दार म्हणायचा अधिकार कुणालाही नाही. चवदार तळ्याचं पाणीही केवळ तहान भागवायला प्यायचं नव्हतं. तो माणुसकीच्या हक्काचा प्रश्न होता.

पण त्याच इमारतीतली बाकीची खाती मोजा. भांडी घासण्याचं, झाडलोटीचं, कंत्राटी सिक्युरिटीचं, डिलिव्हरीचं. पुढे चिरण्या-कापण्याचं, शिजवण्याचं, मेनू ठरवण्याचं, मालकीचं आणि शेवटी त्या जेवणावर पेपरात लिहिणाऱ्यांचं. आमच्या तळोज्यातली मुलं यांपैकी पहिल्या चार खात्यांत भरपूर भेटतात. ती कंत्राटदारामार्फत लागतात आणि मध्यरात्री सुटतात. त्या वेळी पेंधरची मेट्रो बंद झालेली असते. वरच्या खात्यांत ती का दिसत नाहीत? आळस हे कारण नाही. हॉटेल मॅनेजमेंटचं शिक्षण लाखांत जातं, ओळखीशिवाय चांगल्या स्वयंपाकघरात शिकाऊ म्हणून शिरता येत नाही. खासगी क्षेत्रात आरक्षण नसल्यामुळे कोणत्या खात्यात कोण आहे याचा जाब विचारायला कायदाही हाताशी नाही.

आणि विटाळ गेला म्हणता? २०२३ मध्ये पवईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या मेसमध्ये शाकाहारींसाठी वेगळी टेबलं राखली गेली. त्याला विरोध केला म्हणून एका विद्यार्थ्याला १०,००० रुपये दंड झाला. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने ‘प्युअर व्हेज’ ग्राहकांसाठी हिरव्या गणवेशातले वेगळे कामगार जाहीर केले. टीका झाल्यावर वेगळा गणवेश एका दिवसात मागे घ्यावा लागला. कधी थुंकीने धागा बाटत होता, आता शेजारच्या डब्याने डबा बाटतो. साचा बदलला, तर्क तोच आहे.

हंगाम कुणाचा?

दुसरा शब्द ‘हंगाम’. हंगामी खाणं ही आज प्रतिष्ठेची गोष्ट झाली आहे. आपल्याकडे मात्र हंगाम ही निवड नव्हती. ज्याच्याकडे जमीन नाही, साठवायला कणगी नाही, त्याला त्या महिन्यात जे उगवलं तेच खावं लागतं. टाकळा, कुर्डू, कवळा, भारंगी या भाज्या पावसाळ्यात गरिबाच्या चुलीवर यायच्या, कारण त्या फुकट होत्या. पनवेलच्या बाजारात पावसाच्या तोंडावर ठाकूर-कातकरी बाया शेवळं घेऊन बसतात. शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजतो. ती खाज मारायला सोबत काकडं घालावी लागतात, म्हणून शेवळांच्या जुडीबरोबर काकडंही विकायला असतात. हे ज्ञान कुठल्या पाककलेच्या शाळेतलं नाही, त्या बायांच्या आज्या-पणज्यांनी कमावलेलं आहे. उद्या हीच शेवळं काळ्या दगडी ताटलीत चिमूटभर वाढली गेली, तर त्या ज्ञानाची किंमत कुणाच्या खात्यावर जमा होईल? बाजारात जुडीमागे दहा रुपये कमी करून घेणारे आपणही या प्रश्नातून सुटत नाही.

आपल्या समाजाच्या ताटाचा इतिहास तर याहून कडू आहे. १९७२ च्या दुष्काळात सुकडी आणि मिलो खाऊन जगलेली माणसं अजून आपल्या घरांत आहेत. मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, असं बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला सांगितलं, कारण तो चवीचा विषय नव्हता, लादलेल्या लाचारीचा होता. म्हणून ‘आमचंही खाणं कसं भारी’ असं नुसतं मिरवण्याला आमचा पाठिंबा नाही. पण मिरवणं वेगळं आणि नोंदवणं वेगळं. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या दलितांच्या खाण्याची नोंद केली. पुढे २०२४ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर आलं आणि जगाने वाचलं. आपली गोष्ट आपण लिहिली, की ताटासोबत ती दुसऱ्या कुणाला आपल्याविना सांगता येत नाही.

आणि हंगाम टिकायला जमीन-पाणी लागतं. तळोजा एमआयडीसीच्या सांडपाण्याने कासाडी नदीचं काय झालं, हे इथल्या आगरी-कोळी मच्छीमारांना विचारा. २०१७ मध्ये इथले भटके कुत्रे निळे झाले तेव्हा देशभर फोटो फिरले. ज्या खाडीत ही नदी जाते, तिथल्या मासळीचा हंगाम कुणी संपवला, हे हंगामी जेवणाच्या कुठल्या मेनूवर लिहिलेलं नसतं.

गिरणीची जमीन आणि कामगाराचं घर

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्या कामगारांना जेवू घालणाऱ्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांची संघटना, अन्नपूर्णा महिला मंडळ, प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्येच उभी केली होती. गिरणीजवळच्या जेवणाचा खरा वारसा हा. संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते: पालिकेला मोकळ्या जागेसाठी, म्हाडाला घरांसाठी आणि मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती करून ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती ठेवली गेली आणि लोकांचे वाटे आक्रसले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती उचलून धरली.

घरांसाठी दीड लाखाहून जास्त कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले. २०१६ मध्ये २,४१७ घरांची सोडत निघाली ती पनवेलजवळच्या कोन गावात, आमच्या तळोज्यापासून जवळच. आता शेलू-वांगणीची घरं पुढे केली जातात आणि कामगार म्हणतात, मुंबईतच द्या. ज्या वर्षी महालक्ष्मीच्या गिरणीत दिवे लागले, त्याच वर्षी गिरणी कामगाराच्या घराची चिठ्ठी कोनला निघाली. इमारत वारसा म्हणून जपली जाते, माणूस मात्र शहराबाहेर जातो.

मग करायचं काय?

‘जातिप्रथेचं निर्मूलन’मध्ये बाबासाहेबांनी १९३६ मध्येच सांगून ठेवलं आहे की सहभोजनाने जात मरत नाही. एका टेबलावर बसून जेवलो, फोटो काढला, म्हणजे काही तुटलं नाही. म्हणून खुर्चीवरचा वाद थांबवून खात्यांच्या मागे लागू या.

पहिलं, शिक्षण. दादरला १९५४ पासून सरकारी हॉटेल मॅनेजमेंट संस्था आहे. राष्ट्रीय प्रवेश परीक्षेतून तिथे प्रवेश मिळतो आणि अनुसूचित जातींसाठी १५ टक्के जागा राखीव असतात. बारावीनंतर इंजिनिअरिंग किंवा पोलीस भरती एवढ्यावर न थांबता आपल्या वस्त्यांतल्या अभ्यासिकांनी या परीक्षेची तयारी सुरू करावी. चांगल्या हाताला चांगलं खातं मिळायला कागद लागतो.

दुसरं, संघटन. भांडी घासणाऱ्या, सिक्युरिटीवर उभ्या राहणाऱ्या, डिलिव्हरी करणाऱ्या आपल्या मुलांचा पीएफ कापला जातो का, तो भरला जातो का, ईएसआयचं कार्ड आहे का, रात्री घरी पोचायची सोय आहे का, हे विहारातल्या रविवारच्या बैठकीत विचारलं गेलं पाहिजे. जे पैसे देऊन जेवायला जातात त्यांनीही हेच मॅनेजरला विचारावं. ग्राहकाच्या तोंडून आलेला प्रश्न जास्त ऐकू जातो.

तिसरं, नोंद. या पावसाळ्यात प्रत्येक विहाराने आपल्या भागातल्या आयाबायांकडून रानभाज्या, त्यांची कृती, दुष्काळातलं खाणं लिहून घ्यावं. ठाकूर-कातकरी बायांचं ज्ञान त्यांच्या नावाने, त्यांना विचारून लिहावं. त्यांच्या जुडीचा भाव पाडू नये.

१९२८ मध्ये बाबासाहेबांनी गिरणीत जागा मागितली नव्हती, ती होतीच. त्यांनी साच्यावरची जागा मागितली. आपणही तीच मागू या.

जय भीम! नमो बुद्धाय!